प्रकल्प नोंदी: बागेतला थंड वारा मोजायचा (देवगड, नोव्हेंबर ते फेब्रुवारी)

८ नोव्हेंबर

सुरुवात केली एकदाची. कारण लिहून ठेवते, नाहीतर महिन्याभराने मलाच आठवणार नाही की हे लफडं अंगावर का घेतलं. मागच्या जानेवारीत दोन दिवस असा काही गार वारा सुटला की वरच्या कडेच्या कलमांखाली सकाळी कणीचा सडा पडलेला, वाटाण्याएवढी फळं, झाडूने गोळा करावी एवढी. बाबा म्हणाले थंड वारा लागला. आता या वर्षी त्यांना वारा अडवायचाय. कुठून अडवायचा विचारलं तर म्हणे पूर्वेकडून, थंडी घाटावरनंच खाली येते ना. जाळी, बांबू, मजुरी धरून पंचावन्न हजाराच्या वर जातंय. एवढे पैसे घालायच्या आधी वारा नक्की कुठून आणि किती येतो हे मोजूया म्हटलं. बाबा हसले. पण नाही म्हणाले नाहीत.

बाग सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, उताराला आहे, वर उघडा कातळ, मध्ये कलमं, पूर्वेकडून एक व्हाळ (ओढा) येतो आणि बागेच्या खालच्या अंगाने खाडीकडे जातो. थंडीत व्हाळ कोरडाच. ११६ कलमं, सगळा हापूस, दोन रायवळ कडेला.

१२ नोव्हेंबर

वाऱ्याचं मीटर घरीच करतेय. आईच्या चार स्टीलच्या वाट्या घेतल्या, भोकं पाडली, क्रॉसवर बसवल्या. जड झाल्या. फुंकर मारून तर सोडाच, टेबलफॅनसमोर पण आढेवेढे घेत फिरतायत. मग टेबल टेनिसचे दोन बॉल अर्धे कापले, चार वाट्या तयार, स्केटच्या चाकातलं बेअरिंग धुऊन त्याचं ग्रीस काढून हलकं शिलाई मशीनचं तेल घातलं, आता मस्त फिरतंय. खाली लोहचुंबक आणि रीड स्विच (चुंबक जवळ आलं की आतली पत्ती चिकटते), एक फेरा एक टिक, टिका मोजायला ईएसपी३२ नावाचा छोटा कॉम्प्युटर बोर्ड, माहिती मेमरी कार्डात. दिशेसाठी जुन्या डब्याच्या पत्र्याचा बाण.

आईने संध्याकाळी विचारलंच, "माझ्यो वाट्यो खंय गेल्यो गो?" उत्तर दिलेलं नाही.

१५ नोव्हेंबर

खांब उभा केला, जीआय पाइप, साधारण २० फूट, वरच्या कडेच्या कलमांच्या उंचीच्या थोडा वर. हवामानखात्याचं प्रमाण १० मीटरचं आहे पण तेवढा पाइप मी एकटी उभा करू शकत नाही आणि मला बागेतला वारा हवाय, आकाशातला नाही.

रात्री फोनवर बघितलं तर १४० किलोमीटर. बाहेर पान हलत नव्हतं! अर्धा तास डोकं खाजवलं. रीड स्विचची पत्ती चिकटताना थरथरते, एका फेऱ्याच्या पाच सहा टिका पडतात. एकदा टीक आली की पुढचे २० मिलिसेकंद काही मोजायचं नाही अशी ओळ टाकली, बरोबर झालं. १४० म्हणजे वादळ झालं असतं, निसर्ग चक्रीवादळ आलं होतं २०२० च्या जूनमध्ये ते साधारण तेवढंच, श्रीवर्धनकडच्या पोफळी आडव्या केल्या होत्या त्याने. इथे शेजारच्या मांगराचं (बागेतल्या खोपीचं) गवत शाबूत होतं.

२१ नोव्हेंबर

आज कॅलिब्रेशन, म्हणजे किती फेऱ्यांना किती वेग ते जुळवायचं. पहाटे सहाला सड्यावरच्या सरळ रस्त्यावर, वारा अजिबात नसताना. भाऊ स्कूटर चालवतोय, मी मागे बसून बांबूला मीटर बांधून उंच धरलंय, दूधवाला थांबून बघतोय. हँडलजवळ धरलं तर स्कूटरच्या तोंडाने वारा फाटतो म्हणून उंच. जाताना येताना दोन्हीची सरासरी घेतली. २० च्या स्पीडला सेकंदाला ३.६ फेरे, ४० ला ७.५. म्हणजे वाट्या वाऱ्याच्या साधारण एक तृतीयांश वेगाने पळतात. गंमत म्हणजे हे वाट्यांचं मीटर काढणारा आयरिश माणूस, रॉबिन्सन, १८४६ चा, त्याचंही म्हणणं एक तृतीयांशच होतं, आणि वाट्या लहान असोत मोठ्या असोत हेच येणार असं तो धरून चालला होता. ते नंतर चुकीचं निघालं, वाटीच्या आणि दांडीच्या मापाने ते बदलतं. माझं नशिबाने त्याच्या जवळ आलं.

१० च्या खाली स्कूटर नीट चालत नाही म्हणून चालत करून बघितलं. साडेतीन किलोमीटरच्या खाली वाट्या फिरतच नाहीत. तेव्हा वाटलं एवढ्याशा वाऱ्याला कोण विचारतंय. हे लक्षात ठेवा, पुढे येतंय.

२७ नोव्हेंबर

पहिला मोहोर दिसला! व्हाळाच्या अंगाच्या सात आठ कलमांवर, खालच्या फांद्यांना. वरच्या कडेला काहीच नाही, तिकडे अजून टोकं मिटलेली. दरवर्षी असंच होतं म्हणे, व्हाळाकडची आधी.

हापूसचं असं आहे की पालवी जून झालेली हवी आणि मग रात्रीचा गारठा आठवडाभर तरी टिकायला हवा, इथे सगळे १८-२० अंशाच्या खाली म्हणतात. तेव्हा झाड नवी पालवी सोडून मोहोराकडे वळतं. म्हणजे थंडी व्हाळाकडे आधी पोचतेय. पण माझ्या मीटरचं गेल्या सहा रात्रींचं रेकॉर्ड बघा. रात्री दहापासून सकाळी आठपर्यंत शून्य. शून्य, शून्य, शून्य. दुपारी एक ते पाच दर्याकडचा वारा १५-२०, तो वायव्येचा, मग परत शून्य. मग थंडी आणतंय कोण?

३० नोव्हेंबर

तात्या आलेले. आयुष्यभर होडीवर गेलेला माणूस, आता गुडघ्यांमुळे जात नाही, सकाळी आमच्या खळ्यात येऊन बसतात. मी म्हटलं तात्यानू, रात्री वाराच नसतो हो. ते माझ्याकडे बघतच राहिले. "तुझो पंखो फिरना नाय म्हणान वारो नाय, असा कोणी सांगल्यान तुका? आमी मतलयावर शिडां सोडून भायर जायचव. वारो बघूचो आसा तर धूर बघ."

मतलई. शाळेत शिकलेलं, रात्री जमीन लवकर गार होते, समुद्राचं पाणी तेवढं गार होत नाही, म्हणून जमिनीवरची गार जड हवा समुद्राकडे वाहते, पाच मार्काला यायचं. पण ते व्हाळातून वाहतं हे नव्हतं पुस्तकात.

तर आज पहाटे साडेचारला अगरबत्त्यांचा पुडा, टॉर्च आणि शाल घेऊन व्हाळात गेले. भाऊ आला नाही, झोपला. अगरबत्ती लावली, दगडाच्या फटीत खोचली. धूर आधी सरळ वीतभर वर गेला, मग वाकला आणि जमिनीला जवळजवळ समांतर खाडीकडे चालायला लागला. चालायला हाच शब्द. उडत नव्हता, फाटत नव्हता, दोरीसारखा एका लयीत, वाटेत धोंडा आला की त्याला वळसा घालून पुढे, अगदी पाणी जातं तसा. १० फूट मोजून दोन काठ्या रोवलेल्या, एका काठीपासून दुसरीपर्यंत ८ सेकंद. म्हणजे ताशी सव्वा दीड किलोमीटर. मुंगीपेक्षा जरा जास्त म्हणा! माझ्या वाट्या याला कधीच फिरणार नव्हत्या. हात खाली धरला तर बोटं गार, कमरेच्या उंचीला धरला तर तेवढी नाहीत. काठावर चार पावलं वर चढून गेले तर शाल नको झाली.

मग कातळावर जाऊन लावली एक. तिथला धूर कुठेच जात नव्हता, नुसता डगमगत होता.

८ डिसेंबर

तापमानाचे दोन सेन्सर लावले, एक खांबाजवळ वर, एक व्हाळात कमरेएवढ्या उंचीवर. डीएस१८बी२०, वॉटरप्रूफ वाले, वर प्लॅस्टिकच्या बशा उलट्या एकावर एक लावून छत्री केली म्हणजे ऊन आणि दंव थेट बसत नाही. आठ रात्री झाल्या. आजची पहाट, वर १६.८, व्हाळात १३.९. साधारण तीन अंशाचा फरक, आणि मध्ये अंतर किती, शंभर पावलं असेल नसेल.

बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून फोन बघितला आणि म्हणाले, हे आम्हाला माहीतच होतं. बरं. माहीत होतं तर पूर्वेला जाळी कशाला मारणार होतात?

१९ डिसेंबर

काल रात्रभर मीटर फिरत होतं, १२-१४ चा वारा, उत्तरेचा, थांबलाच नाही. आम्ही सगळे दारं लावून गोधडीत. मला वाटलं आज नीचांक मिळणार. सकाळी बघते तर वर १८.२, व्हाळात १८.०. म्हणजे गेल्या पंधरा दिवसांतली सगळ्यात उबदार पहाट ती, जिला आम्ही सगळ्यात जास्त कुडकुडलो.

विचार केल्यावर कळलं. अंगाला थंडी वाजते ती वारा अंगाची ऊब पळवतो म्हणून, थर्मामीटरला अंग नसतं. आणि निरभ्र शांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडते, तिला टेकलेली हवा गार होऊन तळाशी साचते, उतार मिळाला की वाहते. जोरात वारा असला की वरची त्यातल्या त्यात गरम हवा खाली घुसळली जाते, ताकासारखं सगळं एकजीव, मग गार थर बसतच नाही. दंव पण पडलं नाही काल. उत्तरेचा वारा कोरडी हवा आणतो, आभाळ साफ करतो, आणि तो थांबला की मग पुढच्या रात्री खरा गारठा. बघू आज रात्री.

२० डिसेंबर

व्हाळात १२.६. वारा शून्य. जिंकले!

बाकी हे आकडे काहीच नाहीत, मुंबईत सांताक्रूझला १९६२ च्या जानेवारीत ७.४ गेलेलं, आणि दापोलीवाले तर दहाच्या खाली गेलं तरी बातमी करत नाहीत. पण देवगडला समुद्राच्या एवढ्या जवळ १२.६ म्हणजे बाबांनी कानटोपी काढली.

२ जानेवारी

बागेचं काम नाही आज. ३१ ची मंडळी गेली, संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो, अंधार झाल्यावर लाटा फुटताना निळ्या दिसायला लागल्या. वाळूत पाय आपटला की पायाभोवती निळं. पवनचक्क्यांच्या बाजूने बघायला लोक रांगेने गाड्या लावून उभे. नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव, पाणी हललं की चमकतो.

हे वाऱ्याच्या वहीत का, तर याच्यामागे पण थंड वाराच आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून ईशान्येकडून कोरडा वारा अरबी समुद्राच्या वरच्या भागावर वाहतो, पाण्याची वाफ करतो, वाफ होताना उष्णता जाते, वरचं पाणी गार आणि जड होऊन खाली बसतं आणि खालचं खतासारखं सत्त्व असलेलं पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात, आणि हा जीव त्यांच्यावर. चहा बशीत ओतून फुंकतो तेच, फक्त बशी कराचीपासून इकडे खालपर्यंत. तात्यांना सांगितलं. ते म्हणाले ह्या पाण्यात मासळी जाळ्यात येत नाही, जाळंच उजळतं, तिला दिसतं. मला हे वाऱ्याच्या थिअरीपेक्षा पटलं.

११ जानेवारी

आज डोकं फिरलंय, सविस्तर लिहिते.

जाळी ऑर्डर करून पंधरा दिवस झाले, दुकानदार उद्या उद्या करतोय. मोहोर फुलून वरच्या कलमांना कणी धरलीय. काल तात्या सांगून गेले, "उद्या उत्तरेचो वारो मारतलो." फोनवर पण होतं, वर उत्तरेत पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारं हिवाळी पावसाळी वातावरण) येऊन गेला की त्याच्या पाठोपाठ असा वारा खाली येतो, २०२२ च्या जानेवारीत २३ तारखेला याच्यातच कराचीकडची धूळ मुंबईवर आली होती, आठवत असेल. तर बाबांना धीर निघेना, त्यांनी आणि गड्याने मिळून रात्रीच वरच्या कडेला, उत्तरेला, भात झोडतानाची ताडपत्री उभी बांधली. २० फूट लांब १० फूट उंच, चार बांबू, काथ्या. मी म्हटलं जाळी असती तर गोष्ट वेगळी, ताडपत्रीला भोक नाही. म्हणाले एक दिवसाचा प्रश्न आहे.

साडेदहाला वारा सुरू. ११ ला २५, सव्वा अकराला ३५ चे झोत. ताडपत्री शिडासारखी फुगली, ढोलासारखी वाजायला लागली, मी खाली खळ्यातून ऐकत होते. ११.४० ला मीटरमध्ये ४६ आहे आणि त्याच मिनिटाला काड् असा आवाज. दोन बांबू मुळातून मोडले, एक तसाच ताडपत्रीला लटकून राहिला आणि ताडपत्री त्या बांबूसकट कलमांवर आपटायला लागली, एकदा, दोनदा, दर झोताला. तीन कलमांचा त्या अंगाचा मोहोर आणि कणी दांडक्याने झोडल्यासारखी खाली. वाऱ्याने जेवढं पाडलं नसतं तेवढं आम्ही पाडून घेतलं. गड्याने कोयत्याने काथ्या तोडला तेव्हा ती थेट गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) गेली.

दुपारी हिशोब केला. ताशी ४६ म्हणजे सेकंदाला पावणेतेरा मीटर. त्या वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला दहा किलोच्या आसपास. ताडपत्री साडेअठरा चौरस मीटर. म्हणजे एकशे ऐंशी नव्वद किलोचा माणूस, नाही, दोन माणसं त्या चार बांबूंवर रेलून ढकलतायत, आणि मध्येच सोडून परत धक्का देतायत. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे जे आहे ना हे डोक्यात असतं पण डोळ्याला दिसत नाही. २० च्या वाऱ्याला ती ताडपत्री मजेत उभी राहिली असती. शिवाय गार हवा गरमपेक्षा जड, १५ अंशाला एका घनमीटरमध्ये १.२२ किलो, ३२ अंशाला १.१६, म्हणजे त्याच वेगाचा थंड वारा पाचेक टक्के जास्त रेटतो. फार नाही. पण बांबूला तेवढंच कमी पडलं असेल, कोण जाणे.

बाबा बोलले नाहीत. संध्याकाळी एकटेच वर जाऊन कणी वेचत होते, कशाला ते त्यांनाच माहीत.

१३ जानेवारी

वारा थांबला आणि व्हाळात ११.८. या सीझनचा नीचांक.

आता दुसरी भीती. एवढी थंडी टिकली की त्याच फांदीला परत मोहोर येतो, पुनर्मोहोर, आणि झाड सगळी ताकद नव्या मोहोराला देतं, आधीची कणी गळते. शिवाय थंडीत तयार झालेल्या मोहोरात नर फुलं जास्त, फळ धरणारी कमी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस जिब्रेलिक ॲसिडची, ५० पीपीएम, मोहोर पूर्ण फुलल्यावर एकदा आणि कणी वाटाण्याएवढी झाल्यावर एकदा. पहिलं डिसेंबरात मारलं होतं, आज दुसरं. म्हणजे बघा, नोव्हेंबरात ज्याची वाट बघत होतो त्यालाच आता थांब म्हणतोय.

१८ जानेवारी

जाळी आली, ५० टक्के वाली. मुद्दा हाच की वारा अडवायचा नाही, अर्धा जाऊ द्यायचा. भिंतीसारखं काही उभं केलं की वारा वरून उडी मारून पलीकडे भोवरे करतो, झाडं तिथेच असतात. जाळीतून निम्मा गेला की पलीकडे नुसता मंदावतो, आणि जाळीच्या उंचीच्या दहा पट अंतरापर्यंत थोडाफार फरक पडतो. बांबू आता आठ फुटावर एक, दोन फूट खाली चिरे ठोकून, आणि वाऱ्याच्या बाजूने तिरके टेकू. उत्तरेच्या कडेलाच मारली. पूर्वेला काही नाही.

२५ जानेवारी

काल परवा परत उत्तरेचा, ४१ पर्यंत गेला. जाळी उभी. एक टेकू सैल झाला फक्त. जाळीमागे छोटं दुसरं मीटर लावलेलं (होय, आईच्या वाट्यांचं, झोताला ते फिरतं), ते वरच्याच्या जवळपास निम्मं दाखवत होतं. दहा तुरे जाळीमागचे आणि दहा जाळीच्या शेवटाच्या पुढचे, उघडे, दोऱ्याने खूण करून ठेवले होते. जाळीमागच्यांवर ७४ कणी होत्या त्यातल्या ६१ राहिल्या, उघड्यांवर ६९ पैकी ३८. वीस तुऱ्यांवरून मी काही विद्यापीठाला पत्र लिहिणार नाही, पण बाबांनी तो कागद देवघराच्या फळीवर ठेवलाय.

६ फेब्रुवारी

गडग्यावरून वाद. मोकाट गुरं व्हाळातून आत येतात म्हणून बाबांना व्हाळाच्या तोंडाशी, खालच्या अंगाला, सलग गडगा घालायचाय, चिरे येऊन पडलेत. मी म्हटलं तिथूनच रात्री गार हवा बाहेर जाते, तोंड बंद केलंत तर ती मागे साचणार, धरणासारखी, आणि जानेवारीत ११.८ च्या जागी अजून खाली जाईल, त्या सात आठ कलमांची फुलं धरणारच नाहीत. बाबा म्हणाले हवेला गडगा अडवतो होय. मग परत पहाट, परत अगरबत्ती, या वेळी बाबा सोबत. चार चिरे आडवे रचून दाखवले, धूर तिथपर्यंत चालत आला, चिऱ्याशी थांबला, साचला, जाडा झाला, आणि बऱ्याच वेळाने वरून सांडला.

ते उकिडवे बसून बघत होते. मग म्हणाले, दुसरी लाव.

ठरलं ते असं, दोन्ही बाजूने गडगा आणि मध्ये पाच फूट आडव्या बांबूंचं बेडं. गुरं येणार नाहीत, वारा जाईल, पावसात पाणी पण जाईल, जे खरं म्हणजे आधी सुचायला हवं होतं.

२२ फेब्रुवारी

मतलई आता सकाळी सातलाच संपते, अकरा वाजता दर्याचा वारा चालू. व्हाळात १९.४. मळभ आहे दोन दिवस, तुडतुडा (मोहोराचा रस शोषणारा किडा) वाढणार, औषध मारावं लागेल.

खांबावरचं मीटर उतरवलं. बेअरिंगमध्ये मीठ, रीड स्विचच्या तारा हिरव्या पडल्यात, टेबल टेनिसच्या एका अर्ध्या बॉलला चीर. खाऱ्या हवेने सव्वातीन महिन्यांत एवढं केलं, पुढच्या वेळी रीडच्या जागी हॉल सेन्सर (चुंबक ओळखतो, पण हलणारी पत्ती नाही) आणि सगळ्या जोडांवर नेलपॉलिश. कार्ड काढून घेतलं. व्हाळातला सेन्सर तसाच ठेवलाय, बाबा रोज सकाळी बघतात.